जोडकाम ओल्यात

तोंड वाकडं करायचं तर आत्ताच करा

मी पेणजवळच्या जोह्याचा. हमरापूर फाट्याला वळलात की रस्त्याच्या कडेनं शेडच शेड, आणि शेडमध्ये गणपतीच गणपती. त्यातली एक शेड माझ्या बाबांची. माझं वय सव्वीस. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहितो. खाडीकाठच्या खारेपाटातल्या गावांना नळ द्या म्हणून लिहिली, एसटीची फेरी बंद केली तेव्हा लिहिली. पेणच्या छापखान्यात मला बघितलं की मालक म्हणतो, "आला उद्गारचिन्हवाला!"

तर आज स्वतःबद्दल लिहितो, उद्गारचिन्ह न घालता.

मी जन्मलो तेव्हा माझ्या लघवीचं भोक टोकाला नव्हतं. ते खालच्या बाजूला, बरंच मागे होतं. लिंग खाली वाकलेलं होतं. आणि उजवी गोटी, म्हणजे डॉक्टर ज्याला वृषण म्हणतात ते, पिशवीत उतरलेलंच नव्हतं. वर जांघेत अडकून राहिलं होतं.

झालं लिहून. छप्पर कोसळलं नाही. चार ओळी आहेत. या चार ओळी माझ्या घरात एकोणीस वर्षं कुणी मोठ्यानं बोललं नाही, आणि त्या न बोलण्यापायी माझ्या शरीराचा एक तुकडा गेला.

मागच्या वर्षी माझ्या ताईला मुलगा झाला. तिला रोहा तालुक्यात दिली आहे, कोलाडजवळ खांबला. त्या मुलाला नेमकं हेच निघालं. त्याचं ऑपरेशन वेळेत होणार, की तोही माझ्यासारखा एकोणिसाव्या वर्षापर्यंत लोंबकळणार, यावरून आमच्या दोन घरांत जे झालं ते सांगायला बसलोय. मुलाचं नाव लिहिणार नाही. माझं अंग मी चव्हाट्यावर मांडीन, मला मुभा आहे. त्याच्या अंगाचं तो मोठा झाल्यावर ठरवेल.

वाळू दे

मला न्हाऊ घालायला ठमाबाई यायची. तिनं पहिल्याच दिवशी बघितलं आणि आईला विचारलं, "ग्रहणात काय चिरलास गो?"

आईनं दुधी चिरला होता. खटला तिथंच संपला, शिक्षा लागू झाली. त्या दिवसापासून आमच्या घरात दुधी आला नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा बाबा शेडमध्ये होते. साच्यातून नुकती काढलेली मूर्ती फळीवर ठेवत होते. त्यांनी मान वर न करता निकाल दिला. "ओल्या मूर्तीला हात लावायचा नसतो. बोटं उमटतात. वाळू दे. पोर जरा वाळू दे, मग बघू."

बाबा वाईट माणूस नाहीत. ते या धंद्यातले उस्ताद आहेत आणि धंद्याचा नियम त्यांनी पोराला लावला. मूर्ती वाळल्याशिवाय घासायला घेत नाहीत, हे जोह्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मग मी एक वर्षाचा झालो, वाळू दे. शाळेत गेलो, वाळू दे. दहावी झाली, आता परीक्षेत कुठे.

शाळेच्या मागच्या भिंतीला पोरं ओळीनं उभी राहायची. कुणाची धार उंच जाते याची पैज. माझी धार माझ्याच पायावर यायची, म्हणून मी शेतात लांब जाऊन बसायचो. एकानं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव बसक्या. क्रिकेटमध्ये बसक्या, कबड्डीत बसक्या, गावच्या मिरवणुकीत ढोल वाजवताना मागून हाक, "बसक्या, जोरात!" मी जोरात वाजवायचो. करणार काय?

हळूहळू मला सवय लागली. सहलीला जायचं नाही. दुपारनंतर पाणी प्यायचं नाही. खारेपाटाला पाणी द्या म्हणून ओरडणारा हा गडी स्वतः पाणी पीत नव्हता. कुठल्या तोंडानं हसू सांगा.

रोह्याच्या डॉक्टरांनी खोकायला सांगितलं

एकोणिसाव्या वर्षी रोह्याजवळच्या एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून माझं नाव लागलं. फक्त मेडिकल व्हायचं होतं. रोह्यात एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. वजन झालं, डोळे झाले. मग म्हणाले, "पँट खाली कर. खोक."

हर्नियासाठी बघतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पट्टा धरून उभा राहिलो.

"अरे, रांग लागलीय बाहेर. खोक."

मी खोकलो. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. खुर्ची पुढे ओढली.

"वय काय तुझं?"

"एकोणीस."

"आणि एकोणीस वर्षं तुझ्या घरची माणसं काय करत होती?"

माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "गणपती."

ते हसले नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं, बाहेरच्या रांगेला थांबवलं आणि एका कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं. नळी इथपर्यंत यायला हवी, ती इथेच थांबली. याला हायपोस्पेडियस म्हणतात. गोटी इथे यायला हवी, ती वाटेत राहिली. दोन्ही आईच्या पोटात असतानाच होतं. शेकड्यांनी मुलं अशी जन्मतात, वर्षा-दीड वर्षाच्या आत ऑपरेशन करतात आणि पुढे त्यांना आठवतही नाही.

"म्हणजे याला नाव आहे?" मी विचारलं.

"नाव आहे, इलाज आहे, आणि तुला उशीर झालाय. पण इलाज आहे."

कार्डावर त्यांनी 'तात्पुरता अनफिट' लिहिलं. माझी नोकरी गेली होती आणि मी रोहा स्टँडपर्यंत चक्क पळत गेलो. आनंदानं! (एक घातलं, माफ करा.) याला नाव आहे! नाव आहे म्हणजे ते दुसऱ्या कुणाला तरी झालेलं आहे. स्टँडवर उभ्या असलेल्या प्रत्येक बाप्याकडे बघून मला वाटत होतं, यालाही असेल, कुणी सांगावं. पेणच्या गाडीत बसलो आणि नागोठण्यापर्यंत माझे पाय नाचत होते. राग नंतर आला. वडखळच्या आसपास.

घरी येऊन कागद बाबांपुढे ठेवला. ते चित्राकडे बघत राहिले. म्हणाले, "हंगाम चालू हाय. गणपती होऊ दे."

"मी थांबणार नाय," मी म्हणालो. बाबांना मी पहिल्यांदा नाय म्हणालो. आईनं आतून पिशवी भरून आणली. कधीपासून भरून ठेवली होती कोण जाणे.

दुधी

मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात मी आणि आई. बाई डॉक्टर होत्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. तपासून झालं, सोनोग्राफी, रक्त, हार्मोन, सगळं झालं. दोन्ही गोष्टी एकत्र असल्या की तपासण्या जास्त करतात, घाबरू नका म्हणाल्या. मग काही विचारायचंय का, असं त्यांनी आईला विचारलं.

आई उभी राहिली. कोर्टात राहावी तशी. "मी ग्रहणात दुधी चिरलेला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मीही चिरलाय. दोनदा. माझ्या दोन्ही मुली ठणठणीत आहेत."

"म्हणजे त्याचा काय संबंध नाय?"

"दुधीचा संबंध भाजीशी, आई. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही."

आई खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. हसत होती. रडतही होती. ऑपरेशनची तारीख घेऊन घरी आलो त्या संध्याकाळी आमच्याकडे चण्याची डाळ घालून दुधी शिजला. बाबांनी ताटाकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि गुपचूप जेवले.

पाटीलकाका आणि मी

माझा वॉर्ड म्हणजे म्हाताऱ्यांचा वॉर्ड. सगळे प्रोस्टेटवाले. मधोमध मी एकोणीस वर्षांचा. शेजारच्या खाटेवर अलिबागकडचे पाटीलकाका. पहिल्या दिवशी त्यांनी सरळ विचारलं, "तुझा काय रे या वयात?"

मी सांगितलं. जन्मात पहिल्यांदा एका परक्या माणसाला सांगितलं, का ते माहीत नाही. काकांनी विचार केला. "माझी धार आटली, तुझी वाकडी. दोघं मिळून एक माणूस होतो बघ."

माझे टाके दुखेपर्यंत मी हसलो. म्हणजे टाके अजून पडायचे होते, पडल्यावर त्या आठवणीनं हसलो.

ऑपरेशननंतरचे दिवस सांगतो, कारण तेच कुणी सांगत नाही. लघवीच्या जागी नळी, नळीला पिशवी, पिशवी हातात घेऊन वॉर्डभर फेऱ्या. सकाळी ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या वेळी मी पंख्याची पाती मोजायचो, ती तीनच असतात, म्हणून पुन्हा पुन्हा मोजायचो. कधी कधी पोटात कळ येते, वाटतं आता फुटतो. सिस्टरला सांगितलं की औषध मिळतं. सांगायचं. सहन करून कुणी पदक देत नाही. भीती खूप वाटते, आणि ती सुईची नसते. नळी काढल्यावर सगळं पहिल्यासारखंच निघालं तर, ही असते.

नळी काढली त्या दिवशी मला संडासात पाठवलं. उभं राहून करायची, असं बजावून. दाराबाहेर पाटीलकाका स्वतःची पिशवी धरून पहाऱ्याला.

"झाला काय रे?"

"थांबा."

"आता?"

"थांबा हो!"

मग झाली. पुढे गेली. सरळ. भिंतीपर्यंत. माझ्या पायांवर एक थेंब नाही.

"काका, सरळ!" मी असा ओरडलो की सिस्टर धावत आली. वॉर्डातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आजवर बऱ्याच सभांत बोललोय. तशा टाळ्या मला परत मिळाल्या नाहीत.

सुकलाय

महिनाभरात खालून एक थेंब गळायला लागला. टाक्यांच्या जागी बारीक भोक राहिलं होतं. बाई म्हणाल्या, मोठ्या वयात केलं की हे जास्त होतं, सहा महिन्यांनी बुजवू, आणि तेव्हाच उजव्या गोटीचंही बघू.  भिंतीपर्यंत गेलेली धार एकदा बघितल्यावर पुन्हा गळणं सोसत नाही.

दुसऱ्या खेपेला मार्गशीर्ष होता, शेड रिकामी होती. बाबा आले. हॉस्पिटलात बाबा असे वावरायचे जसे दुसऱ्याच्या कारखान्यात आलेत, कशालाही हात न लावता.

भोक नीट बुजलं. आजतागायत बुजलेलं आहे. ऑपरेशननंतर बाई बाहेर आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "उजवी गोटी काढावी लागली. इतकी वर्षं वर राहून ती पूर्ण सुकली होती. ठेवली असती तर पुढे कॅन्सरची भीती. डावी चांगली आहे. लग्न, मुलं, सगळ्याला एक पुरते. लहानपणी खाली आणली असती तर दोन्ही राहिल्या असत्या."

हे मला आईनं सांगितलं, मी गुंगीत होतो. आई म्हणाली, बाकीचं बाबांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी बाईंना एकच विचारलं, "सुकली?"

"हो. वाळून गेली होती."

बाबा जिन्यावर जाऊन बसले. मी शुद्धीवर आलो तेव्हा ते उशाशी होते.   त्यानंतर सहा वर्षं आमच्या घरात 'वाळू दे' हे दोन शब्द मूर्तीबद्दलसुद्धा बाबांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. "राहू दे फळीवर," म्हणायचे.

तुझ्यासारखाच

मागच्या वर्षी ताईचा फोन आला. रोह्याच्या दवाखान्यातून, बाळंत होऊन दोन तास झालेले.

"निल्या, पोरगा झाला."

"अरे वा!"

"निल्या, तुझ्यासारखाच हाय रे."

मी शेडमध्ये होतो. हातात रंगाचा फवारा होता, तो तसाच ठेवला. आणि खरं सांगू? मला आनंद झाला. कारण याच्याकडे एक मामा होता ज्याला सगळं माहीत होतं. याला बसक्या व्हायची गरज नव्हती. एक वर्षाच्या आत लहान मुलांच्या सर्जनला दाखवायचं, ऑपरेशन करायचं, विषय संपला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही कार्डावर तेच लिहून दिलं होतं.

विषय संपला नाही. ताईच्या घरात सासूबाईंचा शब्द चालतो. सासरे नाहीत आणि भावोजी रोह्याला शिफ्टला. सासूबाई म्हणाल्या, "मोठा होऊ दे. त्याचा मामा हाय ना? एकोणीस वर्षांनी केला ना? धडधाकट हाय ना? मग?"

कळलं का काय झालं? त्या मलाच पुरावा म्हणून उभा करत होत्या. थांबलं तरी चालतं, याचा चालताबोलता पुरावा मी.

इथे मी माझी चूक सांगतो. मी पत्रक लिहिलं. उद्गारचिन्हांसकट. 'लाज कसली? लाज वाटावी ती वेळ दवडणाऱ्यांना!!' नाव कुणाचंच नव्हतं. दोनशे छापली, आणि बारशाला खांबला घेऊन गेलो. पाळण्याच्या घुगऱ्या वाटत होते, मी पत्रकं वाटली.

आळीतल्या बायकांनी पत्रक वाचलं, मग पाळण्याकडे बघितलं, मग एकमेकींकडे. नाव छापायची गरजच नव्हती.

सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आमच्या पोराचा बारसा हाय, का तुमची सभा?"

ताईनं मला मागच्या दारी नेलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू बोलली. "तुझ्या अंगाचा तू काय ते बोल. माझ्या पोराचा कोणाला विचारून बोललास? मी वळवत होती त्यांना. दोन महिन्यांत वळवली असती. जा आता."

मी गेलो. ताईनं फोन उचलणं बंद केलं. एक महिना, दोन, पाच. पोर सात महिन्यांचं झालं आणि खांबची दारं मला बंद. सहा महिन्यांत गोटी आपणहून उतरली नाही तर ती बहुतेक उतरत नाही, हे मला तोंडपाठ होतं, आणि कॅलेंडरचं प्रत्येक पान माझ्या पत्रकानं फाटत होतं. शहाणपणा सांगायची घाई आणि सांगायची रीत यांत फरक असतो, हे मला कुठल्याही छापखान्यानं शिकवलं नव्हतं.

दोन उंदीर

एका सकाळी बाबा शेडमधून पिशवी घेऊन निघाले. "खांबला जातो. तू यायचा तर ये. तोंड उघडायचा नाय."

पिशवीत काय, ते सांगेनात. पेणहून गाडीत बसलो. पिशवी मांडीवर, तान्हं पोर धरावं तशी.

सासूबाईंनी बाबांना या म्हटलं, माझ्याकडे बघितलं नाही. मी ओटीच्या कडेला बसलो. ताई दारात, कडेवर भाचा. चहा झाला. मग बाबांनी पिशवीतून दोन मातीचे उंदीर काढले. गणपतीपुढे असतो तो, मूठभर. एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला, शाडू अजून ओली. दुसरा खडखडीत वाळलेला.

"देवाचा तोडून दाखवणार नाय," बाबा म्हणाले. "म्हणून उंदीर आणले. विहीणबाई, बघा."

त्यांनी ओल्या उंदराचा कान उपटला. बोटाला पातळ माती घेतली, कान जागेवर बसवला, अंगठा फिरवला. सांधा कुठे होता ते मला दिसेना, आणि माझा जन्म या धंद्यात गेला. मग वाळलेल्याचा कान मोडला. कट्. तीच माती लावली, तेवढाच वेळ दाबून धरला. दोन्ही उन्हात ओटीच्या कडेला ठेवले आणि पुन्हा चहा मागितला. पाऊण तास ते भाताबद्दल, वालाबद्दल, कंपन्यांच्या वासाबद्दल बोलत राहिले. माझा जीव जात होता. तोंड उघडायचं नव्हतं.

"आता दोघांना कानाला धरून उचला," बाबा म्हणाले.

सासूबाईंनी ओला जोडलेला उचलला. आला. वाळलेला उचलला. कान हातात आला, उंदीर ओटीवर पडला आणि दोन तुकडे झाले. भाचा खदखदा हसला.

"आमच्या धंद्यात नियम दोन," बाबा म्हणाले. "घासकाम सुक्यात. जोडकाम ओल्यात. मी माझ्या पोराचा काम घासायचा समजलो. वाळू दे, वाळू दे केला. तो जोडकाम होता, विहीणबाई. एकोणीस वर्षांनी जोडला. दोनदा उकलायला लागला त्याला, आणि एक तुकडा गेला. तुम्ही म्हणता धडधाकट हाय. हाय. पण त्याचा जो गेला तो माझ्या हातानं गेला. मी काय तो कोणाला बोललो नाय. आज बोलतो."

ते एवढं सलग बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि मी त्यांच्याकडे बघितलं असतं तर डोळे भरून मला पुढचं दिसलं नसतं.

सासूबाई मोडका कान तळहातावर घेऊन बसल्या. मग ताईला म्हणाल्या, "तो डाक्टर कवा बसतो गो?"

"मंगळवारी," ताई म्हणाली. तिला वारही पाठ होता.

धार

सगळ्या तपासण्या होऊन भाच्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता. गोटी खाली आणली. जिवंत, गुलाबी, अशी सर्जननी खूण करून सांगितली. नळीचंही त्याच वेळी केलं. पोर दुसऱ्या दिवशी खेळत होतं. मलाही याच वयात हे मिळालं असतं तर, असा विचार एकदा आला, आणि गेला. त्याला तिथे थारा नव्हता, इतकी गर्दी होती आमची.

दहा दिवसांनी नळी काढली. आता शू बघायची. खाटेभोवती ताई, भावोजी, आई, बाबा, सासूबाई. पोराला पाणी पाजलं. सासूबाई तोंडानं शूऽऽ करत होत्या. भावोजींनी बेसिनचा नळ सोडला. अर्धा तास गेला. मी त्याला काखांत हात घालून उभा केला, टेबलावर, समोरासमोर.

आणि सुटली! सरळ! माझ्या सदऱ्याच्या खिशावर नेम धरून! खिशात घडी घातलेलं जुनं पत्रक होतं, ते भिजून लगदा झालं. सासूबाई ओरडल्या, "बघा गो, कवढी लांब!" आणि त्यांनी मला, ओल्या सदऱ्यासकट, पाठीवर थाप मारली. बारशानंतर पहिल्यांदा ताई माझ्याकडे बघून हसली.

सर्जन म्हणाले, अजून तपासायला आणत राहा, गळती झाली तर घाबरू नका, लगेच या. आणत राहू. गोटी खाली आणली तरी मोठेपणी त्यानं स्वतः तपासत राहायचं. तेही मी सांगेन त्याला. ते माझं काम.

एवढं मात्र पाठ करा

न्हाऊ घालताना बघा. भोक टोकाला आहे का. पिशवीत दोन आहेत का. एक नसेल तर सहा महिने वाट, पुढे एक दिवस नाही. दोन्ही नसतील तर वाटच बघायची नाही, त्याच आठवड्यात दाखवा. भोक खाली असेल तर सुंता आधी करू नका, ती कातडी जोडायला लागते. कुठल्याही वयाच्या मुलाला तिथे अचानक जोरात कळ लागली तर ओवा चोळत बसू नका, त्याच तासाला दवाखाना. आणि आईला काय चिरलं ते विचारू नका.

कारखान्यात

नवं पत्रक मी लिहिलं, मथळा बाबांनी दिला. 'जोडकाम ओल्यात.' खाली रोह्याच्या डॉक्टरांनी काढलं होतं तसं चित्र. बाबांनी ते शेडच्या दारात, जिथे गिऱ्हाईक मूर्ती पसंत करतं तिथे, स्वतः चिकटवलं. मी म्हटलं, "बाबा, देवाच्या दारात?"

"देवानंच केलाय ना अर्धवट? मग त्याच्याच दारात."

गिऱ्हाइकं वाचतात. काही पटकन नजर वळवतात. काही बाबांना विचारतात, आणि बाबा मूर्तीचा मुकुट रंगवता रंगवता सगळं सांगतात, स्वतःच्या चुकीसकट, आवाज न चोरता.

परवा एक जोडपं दीड फुटी मूर्ती ठरवून रिक्षापर्यंत गेलं. थोड्या वेळानं नवरा एकटाच परत आला. मूर्तीकडे बघायचं नाटक केलं. मग पत्रकाकडे बोट करून अगदी हळू बोलला, "काका, आमचा आठ महिन्यांचा आहे. त्याला..."

बाबांनी ब्रश पाण्यात टाकला, हात पुसले, त्याला बसायला पाट दिला आणि शेडच्या मागे मला हाक मारली.

"निल्या, ये इकडे. आणि रिक्षावाल्याला थांबायला सांग, यांच्या मंडळींना पण उतरवून आण. वेळ हाय अजून यांच्याकडे. भरपूर वेळ हाय!"